साहित्याचा आढावा

बाबा रात्रपाळीहून आले तेव्हा
जेवणाच्या टेबलावर माझे अठ्ठावीस शोधनिबंध,
डबा ठेवायला जागा नाही.
'साहित्याचा आढावा लिहितेय,' मी म्हटलं.
बूट काढता काढता त्यांनी विचारलं,
'कंचा साहित्य? किती नग?'
दर महिनाअखेर ते हेच करतात,
समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर:
पाने, पकडी, गॅस्केटं, व्हॉल्व्ह.
यादीत आहे, जागेवर नाही,
असं निघालं की लाल पेन.

माझंही तसंच चाललंय.
एक जुना निबंध सगळ्यांच्या यादीत आहे
आणि जागेवर नाही.
ह्यानं त्याच्याकडून उचलला, त्यानं तिच्याकडून,
पृष्ठक्रमांकाची चूकसुद्धा जशीच्या तशी,
वारसाहक्कानं.
ग्रंथालयातल्या सौमिनीबाई तीन दिवस शोधून म्हणाल्या,
मोळे, हा कुणी वाचलेलाच नाही.

विषय: सुलैबिखातच्या चिखलातला मासा.
ओहोटीला बाहेर येतो,
डोळे टाळूवर, कल्ल्यांत घोटभर पाणी बांधून,
आणि तोंडानं चिखल उचलून
स्वतःभोवती भिंत घालतो.
कशासाठी, यावर दोन तट आहेत.
एक म्हणतो शेजारी अडवायला,
एक म्हणतो पाणी अडवायला, शेवाळ पिकवायला.
डॉ. हनान म्हणतात, सारांशांची माळ ओवू नकोस,
कोण कुणाशी भांडतंय ते लिही.
आणि मग फट दाखव,
या सगळ्यांच्या मधली, अजून कुणी न बुजवलेली.

त्यात नावाचा घोळ.
कित्येक वर्षं याला सगळे बोद्दार्ती म्हणत राहिले,
मग कुणीतरी पंखांचे काटे मोजले
आणि तो दुसुमिएरी निघाला.
मासा तोच, चिखल तोच.

बाबांनी ताटावरून वाकून फोटो पाहिला.
'ही त निवटी.'
आणि जेवत राहिले.

शुक्रवारी ओहोटी साडेतीनला होती.
पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून ते उतरले,
मागे उंच इमारती, गाड्यांचा रस्ता,
पुढे नुसता राखाडी चकाकता पसारा.
मी वही घेऊन काठावर, बूट खराब होतील म्हणून.
वीस वर्षांत इथल्या कुठल्याच जमिनीवर
मी त्यांना असं चालताना पाहिलं नव्हतं,
न विचारता.
करंजाच्या खाडीत पोरपणी हात घालत तसा
त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला,
आणि मोकळा काढला. हसले.
'बिलाला दोन तोंडा असतान.
आन उधाण मोठा येनार असला
त आदल्या दिशीच एक लिपून घेतं.
कसा कलतं, ते इचार तुझ्या कागदांना.'

विचारलं. अठ्ठावीसही.
भरतीच्या वेळी तोंड लिपतो, हे तिघांत आहे.
आदल्या दिवशी, असं कुणीच म्हणत नाही.

डॉ. हनान चष्म्यावरून म्हणाल्या, खरं असेलच असं नाही,
पण लिही. व्यक्तिगत संवाद म्हणून.
मजकुरात नाव, महिना, वर्ष.
शेवटच्या यादीत मात्र नाही,
कारण दुसऱ्या कुणाला तो उघडून पाहता येणार नाही.

हे बाबांना सांगताना मी यादीचं जरा घाईत सांगितलं.
त्यांना त्याचं काही नव्हतं.
त्यांनी पाकिटातून सिव्हिल आयडी काढला,
टेबलावर माझ्यासमोर ठेवला.
पहिल्या वर्षी कुठल्याशा खिडकीवरच्या माणसाला
प ऐकू आला नव्हता, घ तर नाहीच,
आणि पद्माकर घरत
तेव्हापासून सगळ्या कागदांवर बदमाकर गारात.
'ह्यावर हाय तसाच लिव,' ते म्हणाले.
'उगाच मागून लफडा नको.'

मी एकेक अक्षर पाहून टाइप केलं.
ते मागे उभे राहून जुळवत होते,
बोटानं, नगाला नग.